लोहगावहून कोथरूडला सार्वजनिक वाहनाने कसे यावे

नागपूरहून पुण्याला विमानानं यायला दीड तासही लागत नाही. लोहगावच्या विमानतळावरून कोथरूडला यायला किती लागतो, ते मला गेल्या गुरुवारी कळलं. एवढं ज्ञान एकट्याकडे ठेवणं बरं नव्हे, म्हणून हे चार सल्ले.

सर्वप्रथम, सामान आणू नका.

आईवडिलांनाही आणू नका. खरं तर गुडघे असलेल्या कुणालाच आणू नका.

विमान दिवसाउजेडी उतरेल असं बघा. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, तिथे आपण पाहुणे. पाहुण्यानं यजमानाची सोय बघून यावं. मध्यरात्री उतरणाऱ्यांनी हा लेख पुढे वाचूच नये, कारण मेट्रो रात्री अकराला झोपते.

आता बस. बस आहे बरं का. नाही असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी टर्मिनलमधून बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. हातात दोन बॅगा आणि संत्रा बर्फीचा खोका. आतल्या मदत कक्षातल्या मुलीला विचारलं होतं, बस कुठे थांबते? ती गोड हसून म्हणाली, "सर, कॅब हवीय का?" दारावरच्या जवानानं हात एरोमॉलकडे, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली वाहनतळाकडे, केला. एरोमॉलपाशी उभ्या असलेल्या इसमानं हात टर्मिनलकडे केला. दोघांच्या हातांच्या मधोमध एक रिक्षावाले उभे होते. ते म्हणाले, "बस बंद झाली काका. चारशे द्या, सोडतो." बस कधी बंद झाली विचारलं तर म्हणे, "आत्ताच."

पण मी शिकलेला माणूस. मोबाइलवर अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपमध्ये बस दिसत होती आणि चार मिनिटांवर होती. पंचवीस मिनिटं ती चार मिनिटांवरच होती. मग एकदम निघाली, नकाशावर माझ्या दिशेनं आली, माझ्या अंगावरून गेली आणि विमाननगरकडे वळली. मला कुठे खरचटलंसुद्धा नाही. प्रवाशांच्या सुरक्षिततेची एवढी काळजी कुठल्या शहरात घेतात, सांगा. त्यानंतर खरीखुरी बस आली. मी बॅगा वर चढवल्या, बर्फी मांडीवर घेतली, घाम पुसला. वाहक म्हणाले, "उतरा, ही डेपोला चाललीय." मग पाटीवर विमानतळ कशाला लिहिलंय? "पाटी बदलायची राहिली." पुण्यात! जिथे जिन्यातल्या चपलांसाठीसुद्धा पाटी असते, तिथे बसची पाटी बदलायची राहिली!

मीटरनं येणार का, असं विचारू नका. लोक हसतात.

अ‍ॅपवरची कॅब बोलावलीत तर चालक फोन करून दोनच प्रश्न विचारील: कुठे जायचंय आणि पैसे कॅश की ऑनलाइन. दोन्हींची उत्तरं चुकतात.

मेट्रोनं यायचं असेल तर रामवाडी गाठा. ते साधारण चार किलोमीटरवर आहे. मधे फीडर बस धावते. ती कागदावरची नाही, खरोखरची आहे. मी तिची मागची बाजू पाहिली. शेवटी चौघांसोबत रिक्षात कोंबून, एक बॅग पायावर आणि एक पोटावर घेऊन मी रामवाडीला पोचलो. तिथून पुढे मात्र उपरोध सुचत नाही. सरकता जिना चालू होता, गाडी वेळेवर आली, आत गारवा होता, बसायला जागा मिळाली आणि पाऊण तासाच्या आत वनाझ, म्हणजे आमचं कोथरूडचं स्टेशन. घरी सव्वादहाला. म्हणजे अख्ख्या शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ नुसत्या त्या चार किलोमीटरला लागला.

आणि त्या चार किलोमीटरचा इतिहास ऐकाच. रामवाडीपर्यंतच्या मेट्रोचं उद्घाटन झालं ६ मार्च २०२४ ला. विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं झालं १० मार्च २०२४ ला. एकाच आठवड्यात दोन उद्घाटनं, दोन्ही परगावाहून, पडद्यावरून. या दोन फितींमधलं अंतर मात्र कुणी टेप घेऊन मोजलं नाही. टर्मिनलमधून पहिलं विमान उडालं ते थेट १४ जुलैला. इमारत चार महिने प्रवाशांची वाट बघत उभी होती, तर प्रवाशांनी पाऊण तास बसची वाट बघितली म्हणून कुठे बिघडलं? पुढे २०२५ मध्ये रामवाडीच्या पुढच्या मार्गालाही मंजुरी मिळाली. तो जाणार वाघोलीकडे. विमाननगरवरून जाईल, विमानतळावरून नाही.

तोवर पुरंदरच्या नियोजित विमानतळाची वाट बघा. तो आणखी लांब आहे.

मुंबईत आता भुयारी मेट्रो विमानतळाच्या टर्मिनलपाशी येते. हे वाक्य लिहिताना पुणेकराला काय यातना होतात, ते वाचणाऱ्या पुणेकरालाच कळेल.

पुरे झाले सल्ले. अहो, लाज वाटू द्या थोडी! तुम्ही म्हणजे जे कोण हे आखता ते. तुम्ही कधी बॅग ओढत त्या दारातून बाहेर आलायत का? तुमच्यासाठी गाडी दाराशी उभी असते. नगर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसची वेगळी मार्गिका, तुम्हीच बांधलीत आणि तुम्हीच उखडलीत, दोन्ही वेळा पैसे आमचे. माझ्या शेजारी त्या थांब्यावर एक बाई उभ्या होत्या, कडेवर झोपलेलं पोर, पायाशी पोतं. विमानानं पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "दादा, इथनं स्वारगेटला कसं जायचं?" मी इथला, तीस वर्षं या गावात राहतो, आणि मला सांगता आलं नाही. शेवटी त्यांनी चारशे मोजले.

भुयार नको, उड्डाणपूल नको, आणखी एक फीत तर अजिबात नको. टर्मिनल ते रामवाडी, दर पंधरा मिनिटांनी एक बस, शेवटच्या मेट्रोपर्यंत. दारातून बाहेर पडल्यावर समोर दिसेल असा थांबा. तिथे पाटी लावा, पाटीवर वेळ लिहा आणि त्या वेळेला बस आणा.