तांडेल राखावा, खलाशी कापावा

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. अमेरिकेतल्या एनबीए नावाच्या बास्केटबॉल लीगमधला एक संघ तुमच्या नावावर झाला आहे, असं आपण धरून चालू. पैसे कुठून आले हे मी विचारणार नाही. देवगडात नवा ट्रॉलर पाण्यात उतरला की तेही कोणी तोंडावर विचारत नाही. 2025 च्या मार्चमध्ये बॉस्टनचा संघ 6.1 अब्ज डॉलरला विकला जात असल्याचं जाहीर झालं, तेव्हा आपल्याकडून बोली गेली नाही ती केवळ मार्च होता म्हणून. मार्चात देवगडच्या माणसाला वाशीच्या आंबा-दलालाचा फोन सोडून दुसरं काही ऐकू येत नाही.

सल्ला देणारा मी कोण? मी बंदरावर दोन ट्रॉलरचा हिशोब लिहितो. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल, शेवटी वाटणी. अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटेपासून सुरू होतात, आणि बोट यायची वाट बघत जेटीवर बसलेल्या माणसाला फोनवर दोन क्वार्टर सहज बघून होतात. पगार देणारा आणि पगार मागणारा यांच्या मधल्या खुर्चीत माझी नऊ वर्षं गेली. एवढी पात्रता अमेरिकेतल्या काही संघांच्या मॅनेजरांकडेही नाही.

आधी मर्यादेचं बघू. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याला लीगने मर्यादा घातली आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. 1984-85 मध्ये ती सुरू झाली तेव्हा 36 लाख डॉलर होती, 2025-26 साठी 15 कोटी 46 लाख. आणि बहुतेक सगळे संघ तिच्या वर आहेत. लग्नपत्रिकेवर खाली 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं, तशी ही मर्यादा. वाचायची, मान डोलवायची आणि पाकीट खिशात घालून निघायचं.

खऱ्या रेषा पुढे आहेत. आकडे 2025-26 चेच. पगारांची बेरीज 18 कोटी 79 लाखांच्या वर गेली की लक्झरी टॅक्स लागतो. जितकं खोल शिराल तितका दर चढा, आणि मागच्या चारपैकी तीन वर्षं हा कर भरला असेल तर सराईत गुन्हेगार म्हणून दर आणखी वेगळा. वर या करातला वाटा कर न भरणाऱ्या संघांत वाटला जातो. म्हणजे काहीही न करता हात बांधून बसलेल्यालाही वर्षाच्या शेवटी रक्कम मिळते. ही योजना आपल्याकडे कोणाला कशी सुचली नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं.

त्याच्याही वर दोन एप्रन. हो, एप्रनच. पहिला 19 कोटी 59 लाखांवर, दुसरा 20 कोटी 78 लाखांवर. दुसऱ्याच्या वर गेलात की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्यांच्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही, दोन संघांतल्या अदलाबदलीत रोख रक्कम पाठवता येत नाही, आणि सात वर्षांनंतर नव्या पोरांमधून पहिल्या फेरीत एक निवडायचा तुमचा हक्क गोठतो. आज सुरमई जास्त मारली म्हणून सात वर्षांनी तुमच्या नातवाची होडी ओढून ठेवायची, असा हा न्याय. त्यामुळे चांगली माणसं एका वेळी फार गोळा करू नका. सुरुवातीला सुचलेला सगळ्यात स्वस्त उपाय हाच: संघ वाईट ठेवा. वाईट संघाला टिकवण्यासारखं कोणी नसतं.

पण तुम्ही हट्टाने चांगला संघ बांधलात तर तुमच्या मदतीला लॅरी बर्ड येतो. बर्ड हा बॉस्टनचा थोर खेळाडू, आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी सवलत अशी की जो खेळाडू सलग तीन हंगाम तुमच्याकडे आहे त्याला परत करारावर घेताना कॅप ओलांडली तरी चालते. बाहेरचा माणूस आणताना कायदा, घरच्या माणसाला सूट. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. कारण 'घरचा माणूस' हे दोन शब्द मी आमच्या बंदरावर जितके ऐकले तितके 'भरती' आणि 'ओहोटी'सुद्धा ऐकले नाहीत. फरक इतकाच की तिकडे घरच्या माणसाला जास्त पैसे द्यायची परवानगी असते आणि आपल्याकडे घरचा म्हटलं की पैशांचा विषयच संपतो.

आमच्या बाजूच्याच एका बोटीवर (नाव विचारू नका, मालक माझ्या ओळखीचे आहेत, फार जवळून) एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, होता. कुठल्या वाऱ्याला बांगड्याचा थवा कुठे सरकतो आणि पाण्याखाली खडप (खडक) नेमकं कुठे आहे, हे जीपीएसच्या आधी त्याच्या पायाला कळायचं. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. जुलैच्या मध्यावर सगळे मालक खलाशांना उचल देऊन बांधून घेतात. दुसऱ्या बंदरावरच्या बोटीने त्याला साठ हजार जास्त उचल देऊ केली. तो सरळ माणूस. आधी येऊन शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "अरे, तू घरचोच माणूस. तुका वायला काय देवचा?"

तांडेल म्हणाला, "शेटनू, घरच्या माणसाक घरात जेवूक वाढतत. माका तुमी पाच वर्सां ओट्यावर चाय दिलात."

आणि गेला. ऑगस्टच्या दुसऱ्याच फेरीत नव्या तांडेलाने जाळं खडपावर घातलं. साठ हजार वाचवून सीझनला किती बुडाले ते मी वहीत मांडलं आहे. आकडा इथे देत नाही, कारण मालक वाचतात.

हा मूर्खपणा फक्त आपल्याकडे होतो असं वाटून घेऊ नका, उगाच न्यूनगंड नको. ओक्लाहोमा सिटी थंडरकडे 2012 मध्ये ड्युरांट, वेस्टब्रूक आणि हार्डन असे तीन पोरगे होते. त्या वर्षी संघ अंतिम फेरीत गेला. हार्डनच्या नव्या करारावर काही लाख डॉलरचा फरक मिटेना, तेव्हा ऑक्टोबरमध्ये त्याला ह्यूस्टनला धाडून दिलं. पुढे 2014 मध्ये ड्युरांट, 2017 मध्ये वेस्टब्रूक आणि 2018 मध्ये हार्डन, तिघेही लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्या तिघांच्या बळावर ओक्लाहोमाने विजेतेपद किती वेळा जिंकलं? एकदाही नाही. मॅनेजरने मात्र हिशोब जुळवला होता. मी हिशोबनीस आहे. जुळलेल्या हिशोबाचं सुख मला विचारा. ओक्लाहोमाला ते विजेतेपद शेवटी 2025 मध्ये मिळालं, वेगळ्याच पोरांकडून, आणि त्या पोरांचे मोठे करार पाठोपाठ झालेच. बिलं अजून यायची आहेत.

तेव्हा शहाणा मालक काय करतो? कमी पगारावर खूश राहणारा हुकमी खेळाडू शोधतो. असे असतात. न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनने 2024 मध्ये चार वर्षांचा 15 कोटी 65 लाख डॉलरचा करार केला; एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे 26 कोटी 90 लाख मिळू शकले असते. संघात आणखी चांगले खेळाडू मावावेत म्हणून त्याने ते सोडले. लोकांनी त्याचा त्याग डोक्यावर घेतला, आणि घ्यायलाच हवा. पण मालकाने यातून शिकायचं ते वेगळं. ब्रन्सन 2022 मध्ये न्यूयॉर्कला आला, त्याच्या थोडं आधी त्याच्या वडिलांना संघाने सहायक प्रशिक्षक म्हणून कामावर घेतलं होतं. वेळेआधी बोलणी केल्याबद्दल लीगने न्यूयॉर्कला शिक्षाही केली: नव्या पोरांमधून दुसऱ्या फेरीत निवडायचा एक हक्क, म्हणजे एक निवड, काढून घेतली. एक! आपल्याकडे तांडेलाच्या मेव्हण्याला बर्फाच्या गाडीवर चिकटवतात ते हेच, फक्त आपण त्याला डावपेच म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतो. तुम्हीही खेळाडूकडे बघण्याआधी त्याचं कुटुंब बघा. बाप बेकार असेल तर सोन्याहून पिवळं.

बाप कामाला असेल तर वचनावर भागवा. पण ते कागदावर कधीही लिहू नका. मिनेसोटाने जो स्मिथ नावाच्या खेळाडूशी गुपचूप ठरवलं होतं: आता थोडक्यावर खेळ, तीन हंगाम झाले की बर्डची सवलत वापरून भरपूर देतो. कल्पना उत्तम. फक्त ती लिहून ठेवली होती. 2000 मध्ये उघडकीला आल्यावर 35 लाख डॉलर दंड झाला आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी गेल्या. त्यातल्या काही लीगने पुढे दया येऊन परत केल्या. शाई वापरायची गरजच काय होती? आपल्याकडे पगारवाढीचं वचन 'गणपतीनंतर बघू' असं देतात. गणपती झाले की दिवाळी, दिवाळीनंतर जत्रा, जत्रेनंतर शिमगा, आणि शिमग्यानंतर 'आता बंदी लागतलीच, पुढच्या सीझनला'. यात कुठेही कागद नाही, तारीख नाही, त्यामुळे खोटंही नाही. अमेरिकेत वर्षाला इतके सण नसल्यामुळे बिचाऱ्यांना खोटं बोलावं लागतं.

कधीकधी चुकीच्या माणसाला मोठा करार देऊन बसाल. घाबरू नका. मिलवॉकीने 2025 च्या उन्हाळ्यात डेमियन लिलार्डला सोडलं. त्याची टाच जायबंदी होती आणि दोन वर्षांचे मिळून साधारण 11 कोटी 30 लाख डॉलर द्यायचे बाकी होते. नियम असा की उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांत ते पसरता येतात. म्हणजे दोनाचे पाच झाले. गेलेल्या माणसाचा साधारण सव्वादोन कोटींचा वार्षिक हप्ता आता पाच वर्षं संघाच्या वहीत बसला, आणि उरल्या जागेत नवा खेळाडू आला. आपल्या सोसायटीत याला कर्जाचं पुनर्गठन म्हणतात. पाच वर्षांनी ते फेडायला तुम्ही त्या खुर्चीत नसाल, ही त्यातली खरी सवलत.

पुढच्या वर्षांच्या निवडी विकूनही पैसा आणि खेळाडू उभे राहतात, पण तिथे एक कटकट आहे. 1980 च्या सुमारास क्लीव्हलँडचा टेड स्टेपियन नावाचा मालक वर्षामागून वर्षाच्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन टाकत सुटला, म्हणून लीगने नियमच केला: लागोपाठच्या दोन वर्षांच्या निवडी हातातून घालवायच्या नाहीत. नियमाला आजही त्याचं नाव आहे. असा नियम कोकणात असता तर आंब्याच्या कितीतरी बागा मोहोर यायच्या आधी करारावर गेल्या नसत्या, आणि पुष्कळ सातबाऱ्यांवर अजून आजोबांचं आडनाव दिसलं असतं. पण मग नियमाला नाव कोणाचं द्यायचं यावर वाडीत दोन तट पडले असते.

धाडसी असाल तर डॅलसचा मार्ग आहे. लुका डोन्चिच तिथेच राहिला असता तर पाच वर्षांच्या साधारण साडेचौतीस कोटी डॉलरच्या करारावर त्याचा हक्क होणार होता. फेब्रुवारी 2025 मध्ये संघाने रातोरात त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. त्यातून तो हक्कही गेला. खर्च वाचला की नाही? लोक स्टेडियममध्ये मॅनेजरच्या हकालपट्टीच्या घोषणा देत राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये मॅनेजरचाही पगार वाचला.

बॉस्टनची गोष्ट मात्र मला मनापासून वाईट वाटायला लावते. 2024 चं विजेतेपद जिंकलं. टेटमचा करार एकतीस कोटींच्या पुढचा, ब्राउनचा साडेअठ्ठावीस कोटींच्या आसपासचा. पुढच्या वर्षी पगार आणि कर मिळून पन्नास कोटी डॉलरच्या आसपास जातील, असे अंदाज छापून येऊ लागले. मे 2025 मध्ये टेटमची टाचेची शीर तुटली आणि हिशोबाला निमित्त मिळालं. हॉलिडे पोर्टलंडला, पोरझिंगिस अटलांटाला, कॉर्नेट सॅन अँटोनिओला, म्हातारा हॉरफर्ड गोल्डन स्टेटला. एकही अपराधी नव्हता. सगळ्यांनी वर्षभरापूर्वी एकाच मिरवणुकीत हात हलवले होते. तांडेल राहिले, खलाशी गेले. जे मधले असतात, ना ज्यांच्या नावाचा शर्ट पोरं मागतात, ना ज्यांना फुकट ठेवता येतं, त्यांच्यावर पेन फिरतं. कुठल्याही वहीत बघा, खाडाखोड पानाच्या मधोमधच असते.

एक सांगायचं राहिलं. आमच्या त्या तांडेलाला या जुलैत शेठनी परत आणलं. साठ नव्हे, एक लाख जास्त उचल देऊन. ते लाख कुठून काढायचे यावर ऑफिसात मीटिंग झाली. मीटिंगला शेठ होते आणि मी होतो. नंतर शेठनी माझ्यासाठी चहा मागवला, ओट्यावर, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तू घरचोच, तुझ्या पगाराचा गणपतीनंतर बघूया.

कुठल्या वर्षीचे गणपती, ते विचारायचं राहून गेलं.