तीन काडतुसं आणि ठासणीची बंदूक

‘तुमचा बरा आसा. डुकर दिसलो काय घातली गोळी.’ कुडाळ तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाचा असा निरोप भातकापणीच्या सुमारास हमखास येतो. यंदा सोबत फोटोही होता. कापायला आलेला भाताचा कुणगा, आणि रानडुकरांनी लोळून लोळून त्याची केलेली चटई. गावच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. गावात राहणारे म्हणाले, शेतकऱ्याला बंदुका द्या. मुंबई-पुण्याचे म्हणाले, आधी जंगल कुणी तोडलं ते सांगा. आणि दोघांनाही अमेरिकेचा दाखला लागला की माझं नाव निघतं.

म्हणून मी राहतो त्या ओहायो राज्यात नेमकं काय चालतं ते एकदा लिहूनच टाकतो. ‘दिसला की घातली गोळी’ असं इथे काही नाही.

इथे पिकाचा शत्रू म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. सोयाबीनची कोवळी पानं खातं, मक्यात शिरतं, आणि वर्षाला वीस हजारांच्या आसपास गाड्यांना धडकतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी बंदुकीने हरीण मारायचा आठवडा सुरू होतो. या आठवड्यासाठी कित्येक वर्षं नियम असा होता की शॉटगन चालेल, ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ती) चालेल, ठरावीक लांबीच्या नळीचं पिस्तूल चालेल, पण रायफल नाही. कारण सरळ आहे. राज्याचा बराच भाग सपाट, कापणी झालेली उघडी शेतं, आणि शेताच्या टोकाला कोणाचं तरी घर. नेहमीच्या रायफलीचं काडतूस बाटलीसारखं मानेशी निमुळतं असतं. खाली भरपूर दारू, वर बारीक गोळी, त्यामुळे ती लांबवर जोरात जाते. पिस्तुलाचं काडतूस वरपासून खालपर्यंत सरळ. गोळी जाड, बोजड, लवकर दमणारी.

आता गंमत बघा. .४४ मॅग्नम हे काडतूस पिस्तुलातून झाडलं तर कायदेशीर, आणि तेच्या तेच रायफलीतून झाडलं तर गुन्हा, असं इथे चालत होतं. खरं तर लांब नळी आणि खांद्याला दस्ता असला की नेम कितीतरी चांगला लागतो. २०१४ मध्ये राज्याने हा घोळ निस्तरला. .३५७ ते .५० या मापाचं सरळ काडतूस घेणारी रायफल चालेल, पण बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. त्याआधी पेनसिल्व्हेनियाने २००७ मध्ये अभ्यास करून घेतला होता. शॉटगनची जाड गोळी जमिनीवर आपटून उसळली की अपेक्षेपेक्षा पुढे जाते, तेव्हा शॉटगन म्हणजे आपोआप सुरक्षित असं नाही, असं त्यातून निघालं. म्हणजे कुणीतरी जुना समज हातात घेऊन मोजून पाहिला.

माझ्या शेजाऱ्यांकडे असलीच एक जुनी .४४ ची मार्लिन रायफल आहे. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, सोयाबीन आणि मका करतात. त्यांची बंदूक भरताना पाहण्यासारखी असते. उजव्या अंगाला एक छोटी स्प्रिंगची झडप, तीतून अंगठ्याने काडतूस आत दाबायचं. ते नळीखालच्या दुसऱ्या नळीत जाऊन बसतं. तिथे एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं असतं, म्हणून गोळ्यांची नाकं चपटी. टोकदार गोळी झटक्याने पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर आदळली तर बंदूक हातातच फुटायची. मग खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की एक काडतूस नळीत. दहा मावतात, पण आजोबा तीन भरतात. शेताच्या बांधावरच्या झाडांना त्यांनी नारिंगी फिती बांधल्या आहेत, मचाणापासून शंभर यार्डांवर. ‘फितीपलीकडचं हरीण माझं नाही,’ म्हणतात.

ही त्यांची नुसती सज्जनता नव्हे, त्या काडतुसाचं गणितच तसं आहे. रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण तेराशे-चौदाशे फुटांनी निघणारी गोळी वीस इंची नळीतून सतराशेच्या वर जाते. पण शंभर यार्डांत तो वाढलेला वेग गळून पडतो. शंभरावर नेम बसवला तर दोनशेवर ती दोन फुटांच्या आसपास खाली जाते, म्हणजे पोटात किंवा पायात. आणि पाय मोडलेलं हरीण रात्रभर झाडीत पडून राहतं. (ही जाड गोळी झुडपांतून सरळ वाट काढते असं इथले लोक छातीठोक सांगतात. साफ खोटं. काडी लागली की तीही वळते.)

मारलेलं हरीण दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत सरकारदरबारी नोंदवावं लागतं. दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी, अंगात नारिंगी जाकीट, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंतचीच वेळ. आणि बंदुका-काडतुसांवर जो केंद्रीय कर आहे, त्यातून १९३७ च्या कायद्याने राज्याच्या वन्यजीव खात्याला पैसे मिळतात.

पण म्हणून ग्रुपवरच्या ‘बंदुका द्या’ पक्षाने माझं नाव घेऊ नये. याच ओहायोत जून २०२२ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाला परवान्याशिवाय लपवून पिस्तूल बाळगता येतं. हरणासमोर तीन गोळ्यांची मर्यादा आणि बाजारात, माणसांच्या गर्दीत, राज्याच्या कायद्याने कसलीच नाही! माझ्या मुलांना शाळेत बंदूकधारी आला तर कुठे लपायचं याची कवायत करावी लागते. ही किंमत देऊन डुक्कर मारायचा असेल तर भात गेलेला परवडला.

तरीही गावची चर्चा ऐकताना एक गोष्ट मला खुपते. मारायचं की नाही, यावरच सगळे भांडतात. कशाने, किती अंतरावरून, कुणी, आणि मग नोंद कुठे, हे विचारतच नाही कुणी. २०१६ मध्ये बिहारात नीलगायी मारल्या तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले. तेव्हाही वाद तिथेच अडकला होता.

वास्तविक आपल्या कायद्यातही ओहायोसारखाच विचार दडलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. शेतकऱ्याला हत्यार द्यायचं, पण मुद्दाम आखूड पल्ल्याचं. कल्पना वाईट नव्हती. ओहायोतही जानेवारीत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. फरक एवढाच की इथे ती बंदूक आतून आटे पाडलेली, दुर्बीण लावलेली, शंभर यार्डांवर बशीएवढ्या जागेत गोळी घालणारी. गावी आमच्या घरची आहे ती माझ्या आजोबांची. तिच्यातून छर्रे सुटतात, त्यातले दोन डुकराला लागतात आणि तो जखमी होऊन दुसऱ्याच्या काजूत शिरतो. शिवाय निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात झाली, आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यापासून, म्हणजे ऐन कापणीत.

मग शेतकरी काय करतो? फासकी, म्हणजे तारेचा फास, लावतो. कुंपणात वीज सोडतो. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. विजेच्या तारेला तर पहाटे पाणी बघायला गेलेला माणूसही कळत नाही. कोकणात फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी आली की मुंबई-पुण्याचे हळहळतात. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे की साठ पावलांवरून छातीत बसलेली एक जाड गोळी क्रूर, की पोटाला तार आवळून काढलेली रात्र? तुम्ही गोळी बंद ठेवलीत म्हणून डुक्कर वाचलेला नाही.

तरीही रायफली घरोघरी नकोत. आमच्या वाड्या विखुरलेल्या, बागांतून पायवाटा, पहाटे काजू वेचायला बायका. चुकलेली .४४ ची गोळीसुद्धा मैलाच्या पुढे जाऊ शकते, आणि कोकणात मैलभरात कोण ना कोण असतंच. मला पटते ती केरळची वाट. तिथे २०२२ पासून पीक नासणाऱ्या रानडुकराला मारण्याचा हुकूम पंचायतीचा प्रमुख काढू शकतो, आणि गोळी झाडतो यादीतला परवानाधारक. आपल्याकडेही वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी लेखी परवानगी देता येते. ती हातात पडेपर्यंत भात आडवं झालेलं असतं, ही रड. तालुक्याला चार-पाच नेमबाज, त्यांची दरवर्षी नेमाची परीक्षा, कुठून कुठवर झाडायची ते आधी आखलेलं, परवानगी दोन दिवसांत, आणि मारलेल्या प्रत्येक डुकराची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. यात अमेरिकेतलं घ्यायचं ते बंदूक नव्हे, ती फीत.

चुलतभावाला हे बरंचसं पटलं. अडला तो मटणावर. केरळात मारलेला डुक्कर पुरतात. आमच्या गावात पुरलेला डुक्कर सकाळपर्यंत जमिनीत राहणार नाही, हे तोही जाणतो आणि मीही. ओहायोत हरीण खाता येतं, वाटता येतं, गरिबांच्या अन्नछत्राला देता येतं, पण विकता येत नाही. या मनाईमागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथे बेसुमार शिकार झाली, मांस-कातडी बाजारात विकली गेली, आणि १९०४ च्या सुमारास राज्यात हरीण उरलं नाही. बाहेरून आणून पुन्हा वाढवली, तेव्हा कुठे १९४३ मध्ये फक्त तीन काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) शिकार सुरू झाली. म्हणून माझं म्हणणं, वाडीत वाटे पडू देत, पण तालुक्याच्या हॉटेलात किलोवर जाता कामा नये. ‘आणि मारणाऱ्याचो जास्तीचो वाटो?’ त्याने विचारलं. तो द्यायलाच हवा, पण मग नोंदवहीत त्याचं नाव आधी.