पदरचे पैसे घालणारा माणूस

यंदा चवथीला आठ दिवस गोव्यात, डिचोलीच्या घरी होते. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, घुमटांच्या नादात आरती झाली, जेवणं आटोपली आणि रात्री बल्कावावर, म्हणजे दारच्या ओसरीवर, दरवर्षीसारखा वाद रंगला. विषय निघाला माझ्या नोकरीवरून. मी जर्सी सिटीत राहते आणि गेली अकरा वर्षं अशा कचेरीत काम करते जिथे लहानमोठ्या कंपन्यांची अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, जाणारी कागदपत्रं तयार होतात. त्यात स्पॅकचे कागद पुष्कळ असतात. स्पॅक म्हणजे कोऱ्या चेकची कंपनी. तिला स्वतःचा धंदा नसतो. लोकांकडून आधी पैसे गोळा करायचे आणि मग एखादी चालती कंपनी शोधून तिच्यात विलीन व्हायचं, एवढाच तिचा उद्देश.

आतेभाऊ फोंड्याला चार्टर्ड अकाउंटंट आहे. त्याचं म्हणणं असं की भारताने या कंपन्यांना दार उघडायला हवं. यात्रा ऑनलाइन २०१६ मध्ये आणि रिन्यू पॉवर २०२१ मध्ये स्पॅकच्या वाटेने नॅसडॅक या अमेरिकेच्या शेअर बाजारावर गेल्या. कंपन्या आपल्या, कामगार आपले, पण बाजार मात्र परका. गुजरातेतल्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रासाठी २०२१ मध्ये नियम झाले, केंद्राच्या कंपनी कायदा समितीने २०२२ मध्ये स्पॅकला कायद्यात जागा द्यावी अशी शिफारसही केली, मग मुख्य बाजारात अडचण कसली? मामांचा मुद्दा वेगळा होता. मामा निवृत्त शिक्षक. स्पॉन्सर, म्हणजे कंपनी काढणारी मंडळी, वेळ संपत आली की कंपनीला स्वतः बिनव्याजी कर्ज देतात आणि काळजी करायची ती तिथेच, असं मी म्हटलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगो, पदरचे पैसे घालतो ना तो? तेही व्याज न घेता? मग त्याच्यावर संशय कसला घेतेस?"

त्या रात्री मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते आहे.

आकडे सोपे करून घेते. समजा एका स्पॅकने दहा डॉलरला एक असे एक कोटी शेअर विकले. दहा कोटी डॉलर जमले आणि ते ट्रस्टच्या वेगळ्या खात्यात गेले, तिथे कुणाला हात लावता येत नाही. स्पॉन्सरला एकूण शेअरांच्या वीस टक्के, म्हणजे पंचवीस लाख शेअर मिळतात. त्यासाठी तो मोजतो साधारण पंचवीस हजार डॉलर, म्हणजे शेअरमागे एक सेंट. हा पंचवीस हजारांचा आकडा मी काल्पनिक घेतलेला नाही, कागदामागून कागदात तो जवळजवळ तसाच सापडतो. सुरुवातीचा खर्च भागवायला स्पॉन्सर काही वॉरंटही, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचे हक्कही, विकत घेतो, ते पैसे वेगळे. आता विलीनीकरण झालं आणि शेअर दहावरून चारवर आला, तर सामान्य माणसाचे साठ टक्के बुडाले. स्पॉन्सरच्या हातात मात्र त्याच दिवशी एक कोटी डॉलरचा माल असतो. आणि विलीनीकरण झालंच नाही तर? ट्रस्टमधले पैसे व्याजासकट लोकांना परत जातात आणि स्पॉन्सरच्या शेअरांची किंमत शून्य होते.

कर्ज येतं ते याच ठिकाणी. बहुतेक स्पॅकना दीड-दोन वर्षांची मुदत असते. मुदत संपत आली आणि लग्न जुळलं नाही की ती वाढवण्यासाठी भागधारकांचं मत घेतात. त्या वेळी प्रत्येकाला आपले शेअर परत करून ट्रस्टमधला हिस्सा उचलता येतो, आणि बरेच जण उचलतात. मागे राहिलेल्यांनी थांबावं म्हणून स्पॉन्सर दर महिन्याला ट्रस्टमध्ये थोडी थोडी भर घालतो, वकिलांची आणि हिशेब तपासणाऱ्यांची बिलं भागवतो. हे सगळं वचनचिठ्ठीवर दिलेलं कर्ज असतं. व्याज नाही. फेड विलीनीकरणाच्या दिवशी. विलीनीकरण झालं नाही तर ट्रस्टच्या पैशांवर या कर्जाचा हक्क नाही. बऱ्याच करारांत पंधरा लाख डॉलरपर्यंतची रक्कम रोख परत घेण्याऐवजी एका डॉलरला एक अशा दराने नव्या वॉरंटांत बदलून घेण्याची मुभाही असते.

मामा, व्याज नाही हे खरं आहे. पण ज्याचे शेअर आणि ज्याचं कर्ज दोन्ही विलीनीकरणावर टांगलेले आहेत, तो माणूस कसलंही विलीनीकरण चालवून घेईल. जितके जास्त पैसे घालील तितकी त्याची चांगलं-वाईट पारखण्याची ताकद कमी होईल. यात तो लबाडच असला पाहिजे असं नाही. मी पाहिलेले बहुतेक जण सरळ होते. पण तेच लोक विलीनीकरण लोकांपुढे ठेवतात, तेच 'हे तुमच्या हिताचं आहे' असं पत्र पाठवतात. आणि वर सांगितलेल्या उदाहरणात पंचाऐंशी लाख शेअर परत गेले असतील, तर उरले लोकांचे पंधरा लाख आणि स्पॉन्सरचे पंचवीस लाख. पुढचं मतदान कुणाच्या हातात आहे हे सांगायची गरज नाही. शेअर परत न करण्याच्या बदल्यात मोठ्या फंडांना स्पॉन्सर आपले काही शेअर देऊ करतो, तेही करार मी टाइप केलेले आहेत.

अमेरिकेतला कायदा या बाबतीत उघडेपणावर भर देतो, आणि माझं रोजचं काम त्याच्याशीच बांधलेलं आहे. संचालक, अधिकारी किंवा दहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेला माणूस, कुणीही शेअर घेतला वा विकला की दोन कामकाजी दिवसांत फॉर्म ४ भरावा लागतो. दोन दिवसांची ही मुदत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने घातली. त्याच कायद्याने कंपनीने आपल्या संचालकांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना कर्ज देणं बंद केलं. उलट दिशेचं कर्ज, संचालकाकडून कंपनीला, बंद केलं नाही, ते फक्त सांगायचं बंधन आहे. फॉर्म ४ वाचताना एका अक्षरावर लक्ष ठेवावं लागतं. 'पी' म्हणजे बाजारातून किंवा खासगी खरेदी, 'एस' म्हणजे विक्री, 'सी' म्हणजे रूपांतर. स्पॅकचा स्पॉन्सर आपले सुरुवातीचे 'ब' वर्गाचे शेअर लोकांकडे असतात तशा 'अ' वर्गात बदलून घेतो तेव्हा कागदावर लाखो शेअर 'मिळाले' असं दिसतं, किंमत शून्य. बाहेरच्या माणसाला वाटतं, आतली मंडळी खरेदी करतायत, म्हणजे काहीतरी चांगलं घडणार. कुणीही एक पैसा घातलेला नसतो. तळटीपेत लिहिलेलं असतं की शेअर स्पॉन्सरच्या नावे आहेत आणि सही करणारा आपल्या आर्थिक हितापुरतीच मालकी मानतो. मी अशा शेकडो तळटीपा लिहिल्या आहेत आणि त्या मुद्दाम कुणी वाचू नयेत इतक्या बारीक अक्षरात असतात याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि उघडेपणा असूनही चोरी होतेच. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटल वर्ल्ड या स्पॅकने ट्रम्प मीडियाशी विलीन होण्याची घोषणा केली आणि दहा डॉलरच्या आसपासचा शेअर दोन दिवसांत नव्वदच्या वर गेला. घोषणेआधी बातमी ठाऊक असलेल्यांनी शेअर घेऊन ठेवले होते. दोन भावांनी २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला, त्याच कंपनीचा एक माजी संचालक ज्यूरीसमोर दोषी ठरला, आणि सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार या सगळ्यांचा मिळून नफा दोन कोटी वीस लाख डॉलरहून जास्त होता. शेअर विकायच्या आधीच बोलणी चालू होती हे लपवल्याबद्दल कंपनीवर एसईसीने वेगळा ठपका ठेवला आणि एक कोटी ऐंशी लाख डॉलरचा दंड ठरला. तिकडे सगळे साधू आणि इकडे सगळे चोर, असं मी कधीच म्हणणार नाही.

आतेभावाला मी तेच सांगितलं: कागदावर आपला कायदा कमी नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमांत आतल्या माणसाने तिमाहीत दहा लाखांहून जास्त व्यवहार केला तर दोन दिवसांत सांगायचं आहे. घेतलेला शेअर सहा महिन्यांच्या आत विकून नफा करायचा नाही, ही मर्यादा दोन्हीकडे आहे, फक्त अमेरिकेत नफा कंपनीला परत जातो आणि आपल्याकडे सेबीच्या गुंतवणूकदार निधीत. कंपनी कायद्यात कलम १८५ संचालकांना दिल्या जाणाऱ्या कर्जाला आवर घालतं. संचालकाने कंपनीला कर्ज दिलं तर ते आपण कुणाकडून उसने घेऊन देत नाही, असं त्याने लेखी द्यायचं असतं. ही अट तर मला अमेरिकेपेक्षा चांगली वाटते.

म्हणून स्पॅक भारतात येऊच नये असं माझं मत नाही. येऊ द्या, पण तीन गोष्टी नियमातच लिहा. स्पॉन्सरच्या शेअरांतले निम्मे तरी विलीनीकरणानंतर वर्षभर भाव टिकला तरच त्याचे व्हावेत. मुदत वाढवायच्या मतदानात त्याचे शेअर मोजू नयेत. आणि त्याने दिलेल्या प्रत्येक कर्जाची रक्कम, तारीख आणि फेडीची अट मतदानाआधी, मोठ्या अक्षरात, मराठी-हिंदीसकट भागधारकाच्या भाषेत पोहोचावी. एसईसीनेसुद्धा २०२४ च्या जानेवारीत स्पॉन्सरला काय मिळतं आणि त्याचं हित कुठे वेगळं आहे हे ठळक सांगायला लावणारे नियम केले. तोवर २०२१ मध्ये एका वर्षात सहाशेहून जास्त स्पॅक बाजारात येऊन गेले होते, आणि ज्यांचे पैसे जायचे त्यांचे गेले होते.

पण मामांचं वाक्य मला टोचलं त्याचं कारण शेअर बाजार नाही. गोव्यातल्या आपल्या माणसांचे पैसे स्पॅकमध्ये नाहीत. ते सोसायटीत आहेत, पतसंस्थेत आहेत, अर्बन बँकेत आहेत. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये गेला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये, आणि त्या वेळी निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. नागरी बँकांनी आपल्या संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २००३ पासून सांगितलं. संचालकाने संस्थेला दिलेल्या कर्जाकडे मात्र कुणी बघत नाही. ते दानासारखं मानलं जातं. त्याचं नाव फलकावर लिहिलं जातं.

माझ्या वडिलांची निवृत्तीची रक्कम आमच्या भागातल्या एका सोसायटीत होती. एक वर्ष वसुली थांबली, पगार थकले, तेव्हा अध्यक्षांनी स्वतःचे पैसे घातले. सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजल्या. बाबा त्या सभेला होते आणि त्यांनीही वाजवल्या. किती घातले, कोणत्या अटीवर, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे अपमान. चार वर्षांनी संस्था बसली तेव्हा बाजारातला तिचा गाळा अध्यक्षांनी घातलेल्या पैशांपोटी आधीच त्यांच्या नावे झालेला होता. सगळं कायदेशीर, ठराव झालेला, सह्या झालेल्या. ठेवीदारांना त्यानंतर हप्त्याहप्त्याने जे मिळालं ते मिळालं. बाबांचे शेवटचे दोन हप्ते ते गेल्यावर आईच्या नावाने आले.

त्या अध्यक्षांना मी चोर म्हणत नाही. त्यांना आपले पैसे सोडवायचे होते, कुणालाही सोडवायचे असते. फरक एवढाच की त्यांना संस्थेची नाडी रोज कळत होती आणि बाबांना वर्षातून एकदा, छापील अहवालातून. अमेरिकेतल्या स्पॅकच्या सगळ्यात लहान भागधारकालाही मतदानाच्या दिवशी आपला हिस्सा उचलून निघून जायची वाट असते. बाबांना ती नव्हती.

आपल्याकडे उघडपणाची रीत नाही असंही नाही. जत्रेनंतर देवळात पावणी, म्हणजे जाहीर लिलाव, होते तेव्हा केळ्याच्या घडाला कुणी किती बोली दिली हे साऱ्या गावाच्या कानावर जातं. कोमुनिदादींची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांची, शेतं अशाच पावणीने दिली जायची. मग लाखांचं कर्ज बंद खोलीत का ठरावं, हे मला कळत नाही.

परतायच्या आदल्या दिवशी मामांनी मला एक गोष्ट सांगितली. ते ज्या पतसंस्थेचे भागधारक आहेत तिच्या नव्या इमारतीसाठी एका संचालकाने पैसे घातले आहेत, आणि या महिनाअखेरीस वार्षिक सभा आहे. मी काही बोलले नाही. परवा त्यांनी फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. संस्थेच्या सचिवाने 'लेखी द्या' म्हटलं म्हणून त्यांनी शाळेतल्या त्या गोल, स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला आहे: संचालकांनी दिलेली रक्कम किती, कोणत्या तारखेला दिली, आणि संस्थेने ती फेडली नाही तर त्यांना काय मिळणार. खाली मामांची सही आहे, आणि त्याखाली आणखी अकरा जणांच्या.