वाईच्या काकांना: तो सीझन मी पुन्हा का पाहिला

नमस्कार काका,

झी टीव्हीवरच्या 'डान्स इंडिया डान्स' या नाचाच्या स्पर्धेचा 2009 चा पहिला सीझन मी पुन्हा पाहिला आणि त्यावर मागच्या आठवड्यात लिहिलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही म्हणता, तो नाच नव्हता, उड्या आणि रडारड होती, आणि निकाल एसएमएसवर लागायचा. माझं लिखाण म्हणजे शाळकरी वयाच्या आठवणींचा उमाळा आहे, असंही तुम्ही म्हणता. शेवटी तुम्ही चिडून लिहिलंय, की लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकरांच्या जिल्ह्यात राहून नाचावर एवढं लिहायचं आणि लावणीचं नावही काढायचं नाही, हे कसं?

आधी माझी चूक. 'तेव्हा रडारड नव्हती' असं मी लिहिलं होतं. ते आठवणीवर विसंबून लिहिलं. तुमच्या प्रतिक्रियेनंतर चार एपिसोड परत लावले. रडारड होती, चांगली भरपूर होती. कुणी बाहेर पडायची वेळ आली की कॅमेरा डोळ्यांवर जायचा आणि मागे संगीत सुरू व्हायचं. ते वाक्य मी काढलं आहे.

एसएमएसचंही मान्य. मत द्यायला साध्या मेसेजपेक्षा जास्त पैसे लागायचे, म्हणजे ज्याच्या मागे गाव आणि रिचार्ज जास्त, त्याचं पारडं जड. सलमान युसूफ खान जिंकला, तो मला आजही अंतिम फेरीतल्या चौघांत उजवा वाटतो, पण मतं वेगळी पडली असती तर सिद्धेश पै किंवा अलिशा सिंगही जिंकली असती, आणि त्यात मला काही गैर वाटलं नसतं. कोण पहिला आला यासाठी मी तो सीझन पाहिलाच नाही. यावर याहून जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता उमाळ्याचं. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि त्याचं कारण मागच्या लेखात सांगायचं राहून गेलं. 2009 मध्ये मी दहावीला होते. तो सीझन जानेवारीअखेर सुरू झाला आणि मेअखेर संपला. आमच्या घरी दहावीचं वर्ष म्हणून वडिलांनी केबल काढून टाकली होती. मार्चमध्ये परीक्षा संपली, केबल परत आली, तेव्हा कार्यक्रम निम्म्यावर आला होता. म्हणजे ऑडिशन, निवड झाली की डोक्यावर चढणारी ती 'तकदीर की टोपी', टेरेन्स लुईस, रेमो डिसूझा आणि गीता कपूर या तीन परीक्षकांच्या गटांत झालेली मुलांची वाटणी, सुरुवातीचे आठवडे, यातलं मी तेव्हा काहीच पाहिलं नव्हतं. यंदा ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जे पाहिलंच नव्हतं त्याचा उमाळा कसा येईल?

त्यामुळे तेव्हा काय झालं, ते सांगते. एप्रिलमध्ये मला टीव्हीवर दिसली ती पार तयार झालेली माणसं. मला वाटलं, ही अशीच जन्माला आली असणार. साताऱ्यात करंजेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, कोब्यावर, मी त्यांची नक्कल करायची. एका बाजूला आज्जीच्या कुरडया वाळत घातलेल्या, उरलेल्या जागेत मी. पळत येऊन गुडघ्यावर घसरत जायचं, असं एक मी पाहिलं होतं. घसरले. दोन्ही गुडघ्यांची सालं निघाली आणि सलवारीला रक्त लागलं. आज्जीने पाहिलं. आता ओरडणार असं वाटलं, कारण 'आपल्यातल्या पोरी नाचत न्हाईत' हे तिचंच वाक्य होतं. ती खाली गेली, जुन्या सुती लुगड्याची दोन धांदोटी फाडून आणली, हळद लावली आणि गुडघ्यांना गच्च बांधत म्हणाली, "आदी ही बांध, मग लोळ कितीबी." त्या उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट सारखी जायची. कार्यक्रमाच्या वेळी लाईट गेली की माझ्याआधी आज्जी चुकचुकायची.

बांधून घसरायचं, हे मला आज्जीने शिकवलं. उडी मारल्यावर टाचेवर आपटायचं नसतं, आधी चवडा टेकवून गुडघा वाकवत उतरायचं असतं, हे शिकवायला कुणीच नव्हतं. गॅदरिंगचा नाच बाई बसवायच्या आणि गणपतीत मंडळाचा रेकॉर्ड डान्स कुणी दादा बसवायचा. दोन्हीकडे स्टेप पाठ झाली की काम झालं. चुकतंय कुठे, हे सांगणारं माणूस नव्हतं. मला जमत नाही म्हणजे माझ्यात ते नाहीच, असं मी धरून चालले आणि पुढची तीन वर्षं नाच सोडून दिला. ती वर्षं मला अजून सलतात.

यंदा सुरुवातीचे भाग पाहताना मी थांबले ती याच जागी. जे मे महिन्यात हवेत तरंगताना दिसले होते, ते फेब्रुवारीत धडपडत होते. हिपहॉप येणाऱ्याला जोडीने सालसा करायला लावला की त्याला स्वतःचे हात कुठे ठेवू कळत नव्हतं. पुढच्या आठवड्यात थोडं कमी चुकायचं. परीक्षक नुसतं छान किंवा वाईट म्हणून सोडत नव्हते, काय राहिलं ते सांगत होते. कार्यक्रमाचे 'ग्रँडमास्टर' मिथुन चक्रवर्ती यांचं तीनदा 'क्या बात' सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात आता राहील ते टेरेन्सचं पावलांबद्दल बोलणं. त्याआधी आम्ही 'बूगी वूगी' पाहायचो, 1996 पासूनचा कार्यक्रम तो, आणि मला आवडायचाही. पण तिथे माणूस यायचा, नाचायचा, टाळ्या घेऊन जायचा. इथे तीच माणसं चार महिने समोर होती, म्हणून त्यांचं शिकणं दिसलं.

आता मी नाच शिकवते. माझ्या वर्गात नऊ ते पंधरा वयाच्या अकरा मुली आहेत. त्यांना मी हा सीझन क्रमाने दाखवते आहे, शनिवारी एक भाग. त्या मोबाईलवर रोज नाच पाहतात, पण पक्का झालेला तेवढाच. दुसऱ्या शनिवारी एक मुलगी म्हणाली, "ताई, ह्याची पाठ मागच्या वेळी वाकडी होती ना?" मग स्वतः आरशात पाठ बघायला गेली. मी एवढ्यासाठीच ते पाहते, काका.

राहिली लावणी. तुमचा राग मला कळतो आणि त्यातला अर्धा मी घेते. मी लिहायला हवं होतं. पण 'आपल्या मातीतली कला' म्हणताना एक गोष्ट तुम्हीही विसरू नका. आज्जीच्या 'आपल्यातल्या पोरी नाचत न्हाईत' या वाक्यात ज्या नाचणाऱ्या होत्या, त्या यमुनाबाईंसारख्याच होत्या. यमुनाबाई कोल्हाटी समाजात जन्मल्या, लहानपणापासून पोटासाठी नाचल्या. 2012 ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 ला त्या गेल्या. आमच्या घरातल्या पुरुषांनी फड पाहिले, बायकांनी ते नाव घरात काढलं नाही. माझ्यासारखीला लावणी शिकायला पाठवणं तर सोडाच, ती शिकायची गोष्ट आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. टीव्हीवरच्या त्या परक्या नाचाने आमच्या घराचं दार उघडलं. वडिलांनी शेवटी मला क्लास लावून दिला, तो एप्रिल-मेमध्ये आज्जीच्या शेजारी बसून ते पाहिल्यामुळेच. मी त्या कार्यक्रमाचं देणं लागते ते यासाठी. लावणीपेक्षा तो मोठा आहे, असं मी कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की वाईत तुम्ही यमुनाबाईंची बैठकीची लावणी, म्हणजे बसून अदा करत गायची लावणी, समोर बसून ऐकलीय आणि एका ओळीवर त्या किती अदा करायच्या ते विसरता येत नाही. ती ओळ वाचून माझं मन भरलं नाही. त्या कशा बसायच्या? पदर कुठल्या हातात असायचा? तीच ओळ परत घेताना आधी काय बदलायचं, नजर की मान? मुलींना चक्कर शिकवताना मी सांगते, की अंग फिरलं तरी नजर एका जागी रोखून ठेवा, मान शेवटी फिरवा. बसल्या जागी, अंग न हलवता नजर कशी वापरायची, हे मला सांगता येत नाही, कारण मी ते कधी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय.

तुम्ही लिहून पाठवलंत तर मी जसंच्या तसं छापीन. लिहिणं होत नसेल तर मी येते. रविवारी माझा वर्ग नसतो, साताऱ्याहून वाईला एसटीने तासभर लागतो. चालणार असेल तर माझ्याबरोबर ती पाठ बघणारी मुलगीही येईल.