स्प्रिंगवरच्या नंबरवर स्प्रे मारणाऱ्यांनो

च्यायला, सलग तीन शनिवार गाडीखाली आडवा पडून घालवलेत आणि अजून मला सांगता येत नाहीये की माझ्याच गाडीला स्प्रिंगा कुठल्या कंपनीच्या आहेत. गाडी १९९६ ची माझदा एमएक्स-५, ते वर उघडणाऱ्या हेडलाइटवालं पहिलं मॉडेल, इथे जर्मनीत आल्यावर सहा वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेली. विकणारा म्हणाला स्पोर्ट सस्पेंशन टाकलंय, म्हणजे कडक स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एकदम भारी आहे. कुठलं? चांगल्या कंपनीचं. कागद? आधीच्या मालकाकडे असतील. आणि तो आधीचा मालक आता फोन उचलत नाही.

या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात वर एक आर्म, खाली एक आर्म, मधे शॉक आणि त्याच्यावर स्प्रिंग, शिवाय प्रत्येक सांध्यात बुश, म्हणजे धक्का झेलणारी छोटी गादी. इतक्या वर्षांत चार-पाच जणांचे हात लागलेत, आता यातलं काय मूळ माझदाचं आणि काय कुणी हौसेने बसवलेलं हे ओळखायचं कसं? बुश जांभळे आहेत, ते पॉवरफ्लेक्स कंपनीचे, तेवढं एक धड कळलं. शॉक पिवळे आहेत. ज्याला फोटो पाठवावा तो म्हणतो पिवळे म्हणजे बिलस्टाइन. अरे बाबांनो कोनी कंपनीचे पण पिवळेच येतात!! रंग बघून उत्तर फेकू नका रे, समोरचा त्या उत्तरावर पैसे घालवतो.

स्प्रिंगचं तर विचारूच नका. डावीकडच्या पुढच्या स्प्रिंगवर टॉर्च मारला, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने धरलेला गंज वायर ब्रशने अगदी हलक्या हाताने काढला, तर खाली कंपनीने छापलेल्या पार्ट नंबरच्या पांढऱ्या अक्षरांची शेपटं दिसली. एक ५ किंवा ६, मग एक आडवी रेघ, आणि त्यापुढे काळा रंग. कुणीतरी डब्यातला स्प्रे घेऊन नंबरवरच मारलाय! काळी स्प्रिंग छान दिसते म्हणून! उजवीकडे तर तेवढंही नाही, नुसता गुळगुळीत रंग.

मग एकाने सल्ला दिला, व्हर्नियरने तारेची जाडी मोज. मोजली. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, १० मिलिमीटरची तार ११ ची केली तर बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग ४६ टक्के कडक होते, आणि माझ्या तारेवर गंज आणि रंग मिळूनच अर्ध्या मिलिमीटरचा थर असेल, मग त्या मापावरून काय डोंबल कळणार? आणि समजा कडकपणा कळलाच तरी कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर त्यातून निघत नाही ना.

नंबर हवाय तो काही माझी हौस म्हणून नाही. इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी असते, सगळे त्याला ट्यूफ म्हणतात. दुसऱ्या कंपनीची स्प्रिंग बसवली तर तिचं मान्यतापत्र लागतं, त्या पत्रावरचा नंबर स्प्रिंगवर दिसावा लागतो, बहुतेक वेळा गाडीच्या कागदांत नोंद पण करून घ्यावी लागते. नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच जाऊ शकतो. तपासणीवाला माणूस सभ्य होता, त्याने गाडी लिफ्टवर घेतली, सगळं हलवून बघितलं, म्हणाला काम चांगलं केलंय, काही ढिलं नाही, पण नंबर दाखवा. कुठून दाखवू? त्याचं काहीच चुकलं नाही. चुकलं त्या माणसाचं ज्याने शेकडो युरो घालून सामान आणलं, खोक्यातला कागद फेकला आणि उरलेल्या नंबरवर रंग मारला. अरे डॅशबोर्डच्या खणात एक चिटोरं ठेवायला काय जात होतं? मोबाइलवर एक फोटो काढायला किती सेकंद लागतात?

आता ओरिजिनल स्प्रिंगांचा सेट शोधतोय, जुन्या गाड्या तोडणाऱ्या तीन जणांकडे विचारून झालं, दोघांकडे नाही, तिसऱ्याकडे फक्त मागच्या दोन आहेत आणि त्यातली एक खालच्या वेढ्याला तुटलेली. तपासणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. आणि या आत्ताच्या चार स्प्रिंगा, कुठे तडा नाही, गाडी वळणावर अशी चिकटून जाते की मन भरतं, त्या काढून कोपऱ्यात टाकायच्या, का तर कुणालाच त्यांचं नाव माहीत नाही.