गंज ‘मारणे’ आणि गंज काढणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या गाडीचे पत्रे रंगापूर्वी गंजापासून कसे सुरक्षित करावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप मला समजले ते असे : पत्रा पूर्ण उघडा करण्याचा माझा आग्रह अतिरेकी आहे, फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावून त्याचे दुसऱ्या संयुगात रूपांतर करणारे द्रावण) गंज ‘मारते’, त्यामुळे तो खरवडत बसण्याची गरज नाही, कन्व्हर्टरवर इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली द्यायचा, दोन भाग मिसळून कडक होणारा अस्तराचा थर) लावू नये हे माझे म्हणणे निराधार आहे, कारण आम्लाने उलट पकडच वाढते, आणि पूर्वीचे कारागीर नुसत्या रेड ऑक्साइडवर, म्हणजे तांबड्या प्रायमरवर, गाड्या रंगवत, तरी त्या टिकत. याशिवाय आपण माझी एक चूकही दाखवली आहे. ती खरी असल्यामुळे सुरुवात तिच्यापासून करतो.

आम्लाने साफ केलेला पत्रा पाण्याने धुऊन ‘वाळू द्यावा’, असे मी लिहिले होते. हे वाक्य चुकीचे आहे. उघडा पोलादी पत्रा आपोआप वाळेपर्यंत थांबलो, तर त्यावर काही मिनिटांतच नारिंगी छटा चढते आणि केलेल्या मेहनतीचा बराचसा भाग वाया जातो. पत्रा धुतल्याक्षणी स्वच्छ कापडाने कोरडा करावा, लगेच गरम हवेने सांधे आणि कडा वाळवाव्यात आणि त्यानंतर उघड्या हाताने त्याला स्पर्श करू नये. घामात मीठ असते आणि दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजाच्या रंगात उमटलेले मी स्वतः पाहिले आहेत. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य मुद्दा. गंज ‘मारणे’ हा शब्दप्रयोग गॅरेजमध्ये सर्रास वापरला जातो आणि बोलताना मीही तो वापरतो, पण आपल्या मतभेदाचे मूळ त्यातच आहे असे मला वाटते. मारायला गंज काही सजीव नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की एकाच पत्र्याचा एक बिंदू धन आणि शेजारचा ऋण होऊन सूक्ष्म विद्युतघट तयार होतो, आणि पाण्यात क्लोराइड विरघळलेले असेल तर तो अधिक जोमाने चालतो. जुन्या पत्र्यावर ज्या बारीक खड्ड्यांना आपण ‘गंजाचे दाणे’ म्हणतो, त्यांच्या तळाशी हे क्लोराइडच साचून राहिलेले असते. ते हवेतली आर्द्रता ओढून घेते, आणि रंगाचा कोणताही थर बाष्पाला पूर्ण अडवू शकत नसल्यामुळे वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी खाली विद्युतघट चालूच राहतो. काही महिन्यांनी रंगावर मोहरीएवढे फोड दिसू लागतात ते यामुळे.

फॉस्फोरिक आम्ल लोहाच्या ऑक्साइडचे लोह फॉस्फेट करते, टॅनिक आम्ल त्याचे निळसर काळे लोह टॅनेट करते. दोन्ही क्रिया खऱ्या आहेत आणि मूळ लेखात मी त्या नाकारलेल्या नाहीत. प्रश्न एवढाच, की त्या किती खोलवर होतात. जाड गंजावर कन्व्हर्टर लावले की पहिल्यांदा वरचा थर बदलतो, त्याची घट्ट काळी खपली बनते आणि खड्ड्याच्या तळाशी पोचण्यापूर्वीच आम्ल वापरून संपते. हे कोणालाही स्वतः तपासता येईल. एका टाकाऊ मडगार्डच्या खड्डे पडलेल्या भागावर मी सूचनेबरहुकूम कन्व्हर्टरचे दोन हात दिले, दोन दिवस थांबलो आणि मग दहापट भिंगाखाली एकेका खड्ड्यावरची काळी खपली आखणीच्या सुईने टोकरली. उथळ खड्ड्यांत खाली राखाडी धातू दिसला. खोल खड्ड्यांत मात्र सुईच्या टोकाला तपकिरी भुकटी लागली, अगदी कोरडी आणि जशीच्या तशी. वरून पाहता सर्व खड्डे सारखेच काळे होते.

इपॉक्सीबद्दलचे माझे विधान निराधार नाही, पण ते मी फार त्रोटक लिहिले होते, हे मान्य. दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे हार्डनर (थर कडक करणारा भाग) बहुधा अमाइन वर्गातले, म्हणजे अल्कधर्मी असते. पत्र्यावर आम्लाचा अंश राहिला, तर तो नेमक्या पत्र्याला चिकटलेल्या थरातले हार्डनर खातो. वरचा थर कडक होतो आणि धातूला लागून असलेला थर अर्धवट राहतो. बहुतेक प्रायमरची माहितीपत्रके एच (etch) प्रायमरवर, म्हणजे आम्लाने धातूला पकड घेणाऱ्या प्रायमरवर, इपॉक्सी लावू नका असे बजावतात, तेही याच कारणाने, कारण एच प्रायमरमध्येही फॉस्फोरिक आम्ल असते. अशा एका दरवाज्याचा धडा मला घरचाच मिळाला आहे. कन्व्हर्टर लावून, नीट न धुता मी त्यावर इपॉक्सी मारले, पुढचे सगळे थर दिले, आणि सुमारे दीड वर्षाने दगड लागून उडालेल्या एका टवक्याच्या कडेला नख घातले, तर तळहाताएवढा रंग कागदासारखा सोलून आला. सोललेल्या पापुद्र्याची आतली बाजू गुळगुळीत आणि किंचित चिकट होती, आणि पत्र्यावर कन्व्हर्टरचा काळा डाग तसाच होता. त्या दरवाज्याचा दोष प्रायमर बनवणाऱ्याचा नव्हता. तो माझाच होता.

आम्लाने पकड वाढते हे गुळगुळीत धातूच्या बाबतीत खरे आहे, आणि एच प्रायमर त्यासाठीच असतो. पण इपॉक्सीला तशा मदतीची गरज नसते. स्वच्छ धातू आणि 80 नंबरच्या पेपरचे ओरखडे त्याला पुरतात. धातू स्वच्छ आहे का, हे पाहण्याची सर्वांत साधी चाचणी पाण्याची : पत्र्यावर शुद्ध पाणी ओतावे, ते अखंड पडद्यासारखे पसरले तर ठीक, कुठे थेंब गोळा झाले किंवा पडदा फाटला तर तिथे तेल वा सिलिकॉन आहे. यानंतर पत्रा वर सांगितल्याप्रमाणे ताबडतोब कोरडा करावाच लागतो, आणि प्रायमर मारताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सियसने अधिक असावे लागते, नाहीतर डोळ्यांना न दिसणारे दव थराखाली अडकते.

पूर्वीच्या कारागिरांविषयी आपल्याइतकाच आदर मलाही आहे, परंतु ‘गाड्या टिकत’ या वाक्यात आपण फक्त टिकलेल्या गाड्या मोजत आहात. ज्या कुजून भंगारात गेल्या, त्यांची साक्ष काढायला कोणी उरलेले नाही. शिवाय एका जुन्या गोंधळाकडे लक्ष वेधतो. रेड ऑक्साइड प्रायमरमधले रंगद्रव्य लोहाचेच ऑक्साइड आहे, म्हणजे रसायनाच्या नात्याने गंजाचा चुलतभाऊ. ते गंज रोखत नाही, संरक्षण मिळते ते त्यातल्या तेलाचे वा राळेचे. गंज खरोखर रोखणारे तांबडे प्रायमर वेगळे होते, शिशाचे, म्हणजे आपल्या शेंदराचे. दोन्हींचा रंग जवळपास सारखा, म्हणून एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटली. शिसे विषारी आहे, त्यामुळे ते परत आणावे असे मी म्हणणार नाही; किंबहुना जुन्या गाडीवरचे मूळ थर कोरडे घासून त्यांची धूळ उडवूच नये. आणखी एक गोष्ट अशी, की विद्युतप्रवाहाने संपूर्ण सांगाडा प्रायमरमध्ये बुडवण्याची पद्धत मोटार कारखान्यांत 1960च्या दशकात आली, आणि पोर्शने 911चा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा करायला सुरुवात केली ती 1975मध्ये. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांच्या सांध्यांच्या आत, स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये, रंग नीट पोचलेलाच नाही. गंज बाहेर दिसतो तेव्हा तो बऱ्याचदा तिथूनच निघालेला असतो.

पत्रा ‘पूर्ण उघडा’ करण्याबाबत मात्र मी थोडा मागे हटतो. जिथे कारखान्याचा मूळ थर घट्ट आहे, फोड नाहीत आणि कडेने गंज सरकलेला नाही, तिथे तो ठेवून नुसता खरखरीत करणे योग्यच आहे. त्या थरावर थिनरने भिजवलेले फडके मिनिटभर दाबून ठेवावे; थर मऊ पडला किंवा सुरकुतला, तर तो जुना नायट्रोसेल्युलोज रंग असण्याची शक्यता आहे आणि नव्या प्रायमरखाली तो उचलला जाईल, म्हणून काढलाच पाहिजे. सँडब्लास्टिंगने पत्रा वाकतो ही आपली भीतीही रास्त आहे. साधारण 1 मिलिमीटरच्या सपाट पत्र्यावर एकाच बाजूने कणांचा मारा झाला की ती बाजू ताणली जाते आणि बॉनेटला फुगवटा येतो, जो ठोकून बसवणे महाकठीण असते. मी मारा फक्त कडांवर आणि खड्ड्यांवर, कमी दाबाने करतो, बाकी भाग मंद गतीच्या स्ट्रिपिंग डिस्कने. आणि साधी वाळू कधीच वापरत नाही, कारण तिच्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात.

पुट्टी उघड्या पत्र्यावर भरावी की इपॉक्सीवर, यावर आपण विचारलेच आहे. दोन्ही पद्धतींचे चांगले कारागीर आहेत. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते, म्हणून तिच्याखाली इपॉक्सी असावे असे माझे मत.

कन्व्हर्टरला माझा सरसकट विरोध नाही. जिथे ब्रश, पेपर किंवा नोझल पोचतच नाही अशा बंद पोकळ्यांत, धुवावे न लागणारे कन्व्हर्टर आणि सगळा रंग आटोपल्यावर पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवून आत फवारलेले मेण, हा मार्ग मीही वापरतो. मेण मात्र रंगाच्या आधी नको; त्याचा अंश बाहेर आला तर त्या जागी रंग धरत नाही.

राहता राहिले आपल्या डिकीचे झाकण, ज्यावर कन्व्हर्टरचे दोन थर आधीच बसले आहेत. त्यावर सध्या इपॉक्सी मारू नये. आपले कन्व्हर्टर धुण्याच्या प्रकारचे असेल, तर त्याच द्रावणाने पृष्ठभाग पुन्हा ओला करावा, कारण वाळलेला आम्लाचा अंश नुसत्या पाण्याने सहजी सुटत नाही. तो ओला असतानाच खरखरीत पॅडने घासून भरपूर पाण्याने धुवावा आणि लगेच कोरडा करावा. थर प्लास्टिकसारखा बसणारा असेल, तर तो 80 नंबरच्या पेपरने चकचकीत धातूपर्यंत उतरवावा आणि उरलेले खड्डे भिंगातून एकेक पाहून टोकदार साधनाने साफ करावेत. शेवटी झाकणाची खालची कड, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला आहे, ती गरम हवेच्या गनने सावकाश तापवावी. त्या घडीतून ओलसर रेष बाहेर आली, तर आत अजून द्रावण आहे असे समजावे आणि त्या दिवशी प्रायमरचा डबा उघडू नये.