‘सस्पेंड’ म्हणजे ‘बंद’ नव्हे!

इंग्लंडमधल्या मराठी ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा फॉरवर्ड फिरतोय: ‘काउन्सिलने हाउसिंग बेनिफिट आणि काउन्सिल टॅक्सची सूट सस्पेंड केली? महिन्याच्या आत ट्रायब्युनलला एकच अपील करा. निकालापर्यंत भाडं, टॅक्स काही भरू नका.’ (काउन्सिल म्हणजे तिथली स्थानिक पालिका, हाउसिंग बेनिफिट म्हणजे भाड्यासाठीची मदत, काउन्सिल टॅक्स म्हणजे पालिकेचा घरावरचा कर आणि ट्रायब्युनल म्हणजे असे वाद ऐकणारं न्यायाधिकरण.) लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण सल्ला घातक आहे.

‘अपील करा.’ कशावर? हाउसिंग बेनिफिट तात्पुरतं रोखण्याच्या, म्हणजे सस्पेंड करण्याच्या, निर्णयावर ट्रायब्युनलकडे अपील होतच नाही. रोखण्याचा अधिकार हाउसिंग बेनिफिटचे निर्णय आणि अपिलं यांबद्दलच्या २००१च्या नियमांतून येतो आणि त्यावरचं अपील त्याच नियमांनी वगळलंय. बेनिफिट बंद केलं, म्हणजे टर्मिनेट केलं, तर अपील आहे. म्हणून आधी हातातलं पत्र नीट वाचा.

एक महिन्याची मुदत मात्र खरी आहे, फक्त ती बहुतेकदा कागद देण्याची असते. काउन्सिल माहिती मागते, महिनाभरात ती मिळाली नाही तर बेनिफिट बंद करू शकते, आणि तेही रोखल्याच्या तारखेपासून! आपल्याकडे घोडं नेमकं इथे अडतं. ठाण्यातला फ्लॅट, गावच्या बँकेतली मुदत ठेव; भारतातली मालमत्ताही हिशेबात धरतात. पासबुक मागवायला वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आत लेखी वाढवून मागा. कागद अस्तित्वातच नाही किंवा मिळणं शक्य नाही, हे पटवून दिलं तरी नियमाला चालतं. हे फारसं कुणी सांगत नाही. सगळं देऊनही काउन्सिल ढिम्म असेल तर काउन्सिलकडे तक्रार, पुढे ओम्बुड्समन, म्हणजे अशा तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. रोखणंच बेकायदा वाटत असेल तर ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घेणं. त्यासाठी लवकर वकील गाठा.

‘एकच अपील’ हे तर जुन्या काळातलं. काउन्सिल टॅक्स बेनिफिट, म्हणजे टॅक्ससाठीची जुनी मदत, एप्रिल २०१३मध्ये संपलं. आता आहे ती टॅक्समधली सूट, आणि तिला २००१चे ते नियम लागू नाहीत. कुठल्या कलमाखाली रोखली, असं खुशाल विचारा. तिचा वाद आधी काउन्सिलकडे लेखी मांडायचा. दोन महिन्यांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनल, म्हणजे काउन्सिल टॅक्सचे वाद ऐकणारं वेगळं न्यायाधिकरण. हाउसिंग बेनिफिट बंद केल्याचं अपील जातं फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, तेही काउन्सिलमार्फत. दोन दारं, दोन अर्ज.

आणि ‘भरू नका’? घरमालकाला तुमच्या वादाशी देणंघेणं नाही. थकबाकी वाढली की तो कोर्टात जाऊ शकतो. टॅक्सचा हप्ता चुकला की आधी स्मरणपत्र, मग वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाची लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे वसुलीची वाट मोकळी करणारा हुकूम, आणि तिचा खर्च वर. जमेल तेवढं भरा, घरमालकाला काउन्सिलच्या पत्राची प्रत द्या. काउन्सिलची शंका मिटली की रोखलेलं हाउसिंग बेनिफिट मागच्या तारखेपासून मिळतं; कोर्टाचा खर्च मात्र काउन्सिल आपणहून परत करेल, या भरवशावर राहू नका.